सातव्या विभागातली हवा

"सही करा, हुदलीकरबाई. एका ओळीचं प्रमाणपत्र आहे. त्यात तीन-तीनदा वाचण्यासारखं काय आहे?"

संचालक डॉ. मोहनीराज इनामदार यांनी नियंत्रणकक्षातल्या आपल्या टेबलावरची पाटी बोटानं पुढे ढकलली. वैजयंती हुदलीकरांनी ती ओळ चौथ्यांदा वाचली. 'नियंत्रणकक्षाच्या साठ्यातील नोंद हीच त्या वेळची वस्तुस्थिती होती, असे प्रमाणित करण्यात येते.' खाली त्यांच्या सहीपुरती जागा मोकळी होती.

चंद्राच्या पोटात, लाव्हारसानं कधीकाळी कोरून ठेवलेल्या एका बोगद्यात 'कपार' ही वसाहत होती. नऊशे माणसं, बारा विभाग आणि त्यांना हवा पुरवणाऱ्या चारशे बारा झडपा. या झडपांचं जाळं कसं चालवायचं, त्यातल्या कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं, हे ठरवणारं एक मानक होतं आणि त्या मानकाच्या संपादक होत्या वैजयंती हुदलीकर, म्हणजे अख्ख्या कपारीच्या वैजूताई. वसाहतीचा नियम साधा होता. यंत्राच्या नोंदीवरून कुणाला दोषी धरायचं असेल, तर ती नोंद खरी असल्याची सही मानकाच्या संपादकानं करायची. आज ही सही झाली, की नियंत्रणकक्षातला फ्रान्सिस डाबरे उद्याच्या यानानं पृथ्वीवर जाणार होता.

ऐकायला किती बरं वाटतं ना, पृथ्वीवर जाणार! पण फ्रान्सिसला चंद्रावर एकोणीस वर्षं झाली होती. इथं वजन पृथ्वीवरच्या वजनाचा सहावा हिस्सा. त्याची हाडं आणि त्याचं हृदय तेवढ्याच ओझ्याला सरावलं होतं. पृथ्वीवर उतरला तर तो उभासुद्धा राहू शकणार नाही आणि सहा महिने काढले तर नशीब, असं डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं होतं. ते पत्र संचालकांच्या टेबलावरच होतं, दुसऱ्या एका पाटीखाली.

"तुमच्या सख्ख्या भावाचा जीव गेलाय," इनामदार म्हणाले. "मला वाटलं होतं, तुम्ही धावत येऊन सही कराल."

"मलाही तसंच वाटलं होतं," वैजूताई म्हणाल्या.

आणि ते खरं होतं. गुरुवारी धनूला, त्यांच्या धाकट्या भावाला, सातव्या विभागातून उचलून बाहेर आणलं, तेव्हा फ्रान्सिस डाबरे हे नाव ऐकूनच त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली होती. धनूला त्यांनीच चंद्रावर बोलावून घेतलं होतं. ये रे, इथं बियाण्याच्या कोठाराला माणूस हवाय, म्हणून. तो बिचारा बटाट्याचं बियाणं आणायला सातव्यात गेला आणि आतली हवाच निघून गेली. तीन रात्री वैजूताईंनी डोळ्याला डोळा लावला नव्हता. पण चौथ्या दिवशी त्यांनी चौकशीचे कागद मागवून घेतले आणि वाचता वाचता त्यांच्यातली संपादक जागी झाली. ती एकदा जागी झाली की बहिणीचंसुद्धा ऐकत नसे.

फ्रान्सिस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. पन्नाशीचा, वसईकडचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं मान वर केली.

"ताई, करून टाका सही. हुकूम मीच दिला होता."

"तू गप्प बस," वैजूताई म्हणाल्या. "तुला कुणी विचारलं नाहीये."

इनामदारांनी सुस्कारा सोडला. "सगळं इतकं स्वच्छ आहे. सातव्यात भिंतींना नवा गिलावा झाला होता. गिलावा पक्का धरायला विभागातली हवा काढून टाकावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. हजेरीपटावर आत कुणीही नव्हतं. दहा वाजून बारा मिनिटांनी फ्रान्सिसनं सातवा रिकामा करायचा हुकूम दिला. आत माणूस आहे का, हे त्यानं जाऊन बघितलं नाही. साठ्यात नोंद आहे."

"कुठल्या साठ्यात?"

"कुठल्या म्हणजे? साठा एकच आहे."

"एक नाही हो, दोन आहेत! अकरा वर्षं मी घसा कोरडा करून हेच सांगतेय." वैजूताईंनी पाटी उलटी करून ठेवली. "आपण काय काय हुकूम दिले, हे एका साठ्यात राहतं. तो या कक्षातल्या यंत्रात आहे. त्याला मी हुकूमसाठा म्हणते. झडप प्रत्यक्षात उघडी आहे की बंद, हे झडपेच्या स्वतःच्या पोटात राहतं. तो वस्तुस्थितीसाठा. आपल्या मानकात दोघांना मिळून नुसतं 'साठा' म्हटलंय आणि वर 'साठ्यात असेल ती स्थिती समजावी' असं वाक्य ठोकून दिलंय."

"झडपेला हुकूम पाठवला की 'मिळाला' असं उत्तर येतं. मिळाला म्हणजे अमलात आला. यात फरक तो काय?"

"खानावळीच्या फळ्यावर 'आज भात' असं लिहिलं, म्हणजे पातेल्यात भात शिजला असं होतं का?"

फ्रान्सिसच्या ओठांवर नकळत हसू आलं आणि लगेच मावळलं.

आता खरं सांगायचं, तर या प्रश्नाला कपारीत उत्तर होतं आणि ते होतं आळस. हुकूमसाठ्याला काही विचारलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येई. झडपांना विचारायचं, तर जुन्या संथ तारेवरून एकेकीला विचारत जावं लागे. चारशे बारा झडपांना चाळीस मिनिटं लागत. मानकात दोन्हींना एकच नाव असल्यावर चाळीस मिनिटं कोण थांबणार? हुकूम द्यायचा, तोच हुकूम साठ्यातून परत वाचायचा आणि 'खात्री केली' म्हणून खूण करायची, ही कपारीची रीतच पडून गेली होती. वैजूताईंनी दोन्ही साठे वेगळे करणारा मसुदा अकरा वर्षांत सात वेळा मांडला. सातही वेळा तो परत आला आणि 'शब्दांचा कीस काढणाऱ्या बाई' ही पदवी मात्र त्यांच्याकडे कायमची राहिली.

"आणि एवढ्यानंही भागत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "झडप बंद आहे हे कळलं, पण का बंद आहे? माझ्या मसुद्यात वस्तुस्थितीसाठ्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे तिचा उगम सांगायचं कलम आहे. झडप तशी झाली ती हुकुमावरून? शेजारणींकडून शिकून? कारखान्यातून निघाली तेव्हापासून ती तशीच आहे? की ठाऊकच नाही? झडपा हे सगळं स्वतःपाशी टिपून ठेवतात. आपण विचारत नाही, कारण मानकात उगमाला जागाच नाही."

"शेजारणींकडून शिकून?" इनामदारांनी भुवया उंचावल्या. "ती संकटकाळची सोय आहे. दिवसभरात एकही समजेल असा हुकूम आला नाही, तर झडपेनं आजूबाजूच्या झडपांपाशी दाब किती आहे ते बघून आपलं आपण ठरवायचं. संपर्क तुटला तर माणसं गुदमरू नयेत म्हणून. ती सोय वापरायची वेळ आपल्यावर कधीच आलेली नाही."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं? साठ्यानं?"

इनामदारांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"सातवा विभाग आत्ता कसा आहे?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. "गुरुवारी दुपारीच परत भरायचा हुकूम दिलाय. हवा पूर्ण. हे बघा."

"छान! मग चला." वैजूताई उठल्या. "सातव्याचं दार उघडू या. तुम्ही आणि मी आत जाऊ. शिरस्त्राण न घालता."

कक्षातले दोन-तीन जण काम टाकून बघायला लागले. इनामदार जागचे हलले नाहीत.

"का हो? पूर्ण हवा आहे ना आत? या नोंदीच्या भरवशावर तुम्ही एका माणसाला उद्या मरायला पाठवताय. त्याच नोंदीच्या भरवशावर दोन पावलं टाकायला काय हरकत आहे?"

बघणारे इतके झाले होते, की नाही म्हणायची सोय उरली नाही. इनामदार निघाले. मागोमाग फ्रान्सिस निघाला. वाटेत देखभाल विभागाचे मुकादम शब्बीर नदाफ भेटले, त्यांनाही वैजूताईंनी बरोबर घेतलं. मिरजेचा हा धिप्पाड माणूस धनूचा पत्त्यांतला भिडू होता आणि गुरुवारपासून त्याच्या तोंडून धड शब्द निघत नव्हता.

सातव्याच्या दाराशी भिंतीवर दाबमापक होता. काटा 'पूर्ण'वर.

"बघा," इनामदारांच्या आवाजात जोर आला. "हे तर तुमच्या त्या हुकूमसाठ्यात नाही ना? हा काटा आहे. भिंतीवरचा."

वैजूताई काट्याजवळ गेल्या. काट्याशी कोण भांडणार? पण मग त्यांना दाराच्या खालच्या बाजूची चाचणीची तोटी दिसली. करंगळीएवढं भोक आणि त्यावर पितळी फिरकी. वसाहत बांधली तेव्हाची सोय, आता तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. त्यांनी कमरेचा रुमाल काढला, भोकावर धरला आणि म्हणाल्या, "शब्बीरभाई, फिरवा."

शब्बीरनं अर्धा फेरा दिला. सूंऽऽ असा आवाज झाला आणि रुमाल वैजूताईंच्या हातातून निसटून त्या भोकात गेला. गेला म्हणजे गेलाच. शब्बीरनं घाईघाईनं फिरकी बंद केली.

आत हवेचा कणही नव्हता. दार उघडलं असतं तर दाराबाहेरचे सगळे तिथल्या तिथे संपले असते.

"मग हा काटा?" इनामदार पुटपुटले.

शब्बीर नदाफांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! ताई, काटा मीच लावलाय. काल सोमवारी."

"लावलाय म्हणजे?"

"दर महिन्याला काटे जुळवतो की आम्ही. पडद्यावर काय आकडा आहे तो बघायचा आणि काटा त्याच्यावर आणून ठेवायचा. हा लई खाली पडला होता. मला वाटलं, बिघडलाय."

आता यावर हसावं की रडावं? भिंतीवर काटा लावायचा तो कशासाठी, तर पडद्यावरचं खरं की खोटं ते कळावं म्हणून. आणि ही शहाणी माणसं दर महिन्याला, वेळच्या वेळी, हातात पेचकस घेऊन काट्यालाच खोटं बोलायला शिकवत होती! यात कुणाची लबाडी नव्हती. मानकात लिहिलं होतं, साठ्यात असेल ती स्थिती समजावी. काट्याचं आणि साठ्याचं पटलं नाही, तर चूक काट्याची. शब्बीर नदाफ नेमानं वागणारा माणूस होता, हीच काय ती त्याची चूक.

"एक झडप बिघडली असेल," इनामदार म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता.

"असेल. झडपांनाच विचारू. सगळ्यांना, उगमासकट. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

नियंत्रणकक्षात परत आल्यावर फ्रान्सिसच आपल्या रोजच्या खुर्चीत बसला, कारण जुन्या तारेवरून विचारायचं कसं, हे आता त्याच्याखेरीज कुणाला आठवत नव्हतं. पहिली पाचेक मिनिटं पडद्यावर काहीच आलं नाही. मग एकेक ओळ उमटायला लागली.

झडप एक. उघडी. उगम: शेजारून शिकून.

झडप दोन. अर्धी उघडी. उगम: शेजारून शिकून.

झडप तीन. उघडी. उगम: शेजारून शिकून.

विसाव्या झडपेपर्यंत इनामदार खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले होते. हुकुमावरून, असा उगम एकाही झडपेपुढे नव्हता. मग सातव्या विभागाच्या ओळी आल्या. विभाग सातची मुख्य झडप. बंद. उगम: शेजारून शिकून. कधीपासून: गुरुवार, दहा वाजून नऊ मिनिटं. कारण: विभागातील दाब अचानक उतरला.

"नऊ," वैजूताई म्हणाल्या. "तुझा हुकूम बाराव्या मिनिटाचा, फ्रान्सिस. झडप त्याच्याआधी तीन मिनिटं बंद झालीय. तुझ्या हुकुमानं सातव्यातली हवा गेली नाही. भिंतीला तडा गेला आणि हवा बाहेर निघून गेली."

"पण मग नंतर कुणाला तडा कसा दिसला नाही?" फ्रान्सिसनं विचारलं.

"शोधला कुणी? विभाग रिकामा करायचा हुकूम होता, विभाग रिकामा मिळाला. मग आणखी काय बघायचं?"

मागून शब्बीरचा आवाज आला. "म्हणून गिलावा धरत नव्हता! नऊ वर्षं झाली ताई, कुठलाच गिलावा नीट धरत नाही. सारखे पोपडे निघतात. आम्ही मिश्रणाला शिव्या घालत बसलो. हवा कधी काढलीच गेली नसणार. ओला गिलावा तसाच वाळत राहिला."

नऊ वर्षं. कक्षातल्या प्रत्येकानं मनातल्या मनात तोच हिशेब केला आणि प्रत्येकाची नजर इनामदारांकडे वळली. नऊ वर्षांपूर्वी नियंत्रणकक्षाचं यंत्र बदललं होतं. ती मोठी सुधारणा ज्यांनी तडीस नेली, ते त्याच कामगिरीवर पुढे संचालक झाले. नवं यंत्र नव्या पद्धतीनं हुकूम लिहीत होतं. जुन्या झडपा ते घेत, इमानानं 'मिळाला' म्हणत आणि त्यातलं अक्षरही न कळल्यामुळे बाजूला ठेवून देत. दिवसभर वाट बघून त्या एकमेकींकडे वळल्या. कुठे माणसं जास्त, तिथे जास्त हवा. कुठे गळती, तिथे बंद. नऊ वर्षं कपारीला हवा पुरवली ती झडपांनी, एकमेकींच्या विचारानं. या कक्षातून सुटलेला एकही हुकूम कधी अमलात आला नव्हता.

वैजूताईंना एकदम धनूची आठवण आली आणि डोळे भरून आले. त्याला आत कोंडणाऱ्या झडपेचा त्यांना राग यायला हवा होता. पण ती बंद झाली नसती तर त्या एका तड्यातून नऊशे माणसांची हवा गेली असती. रागवायचं कुणावर? गिलावा कच्चा राहिला, कारण हवा काढली गेली नाही. ती काढली गेली नाही हे कळलं नाही, कारण फळ्यावर भात लिहिलेला होता. आपला मसुदा सात वेळा परत आला, त्या एकेका वेळेस आपण अजून का भांडलो नाही, असं वाटून त्यांना स्वतःचाच संताप आला.

चाळीस मिनिटं संपली. इनामदार उठले. त्यांनी कोट सारखा केला. माणूस घाबरट नव्हता. फक्त इतकी वर्षं हुकूम सोडायची सवय झालेली होती.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. आपल्याला कुणी चालवतच नव्हतं, असं नऊशे माणसांना कळलं तर हलकल्लोळ होईल. फ्रान्सिस, नवे हुकूम जुन्या झडपांना कळतील असे करून देणारा दुभाष्या यंत्रात अजून आहे. तो सुरू करा. आत्ताच्या आत्ता सगळ्या झडपा हुकुमाखाली आणा."

एकोणीस वर्षांची सवय. फ्रान्सिसचा हात कळफलकाकडे गेला. पडद्यावर प्रश्न उमटला: साठ्यातील हुकूम लागू करायचे? हो, नाही.

"थांब!" वैजूताई ओरडल्या. "साठ्यात सातव्याचा शेवटचा हुकूम काय आहे?"

फ्रान्सिसनं बघितलं. तो पांढराफटक पडला. "भरा."

"भरा! भिंतीला तडा आहे आणि झडपेला हुकूम आहे, भरा. हुकूम समजला की ती शेजारणींचं ऐकणार नाही. हुकूम शिकण्याच्या वर, असंच तिला घडवलंय. ती उघडी राहील आणि अख्ख्या कपारीची हवा सातव्यातून बाहेर चंद्रावर जाईल. तासाभरात आपण सगळे संपू."

"मग तेवढा एक हुकूम पुसा आणि बाकीचे लागू करा," इनामदार म्हणाले.

"बाकीचे? चारशे अकरा? नऊ वर्षं दिलेले, एकदाही अमलात न आलेले, कुणी कधी न पारखलेले? त्यातला कुठला माणसं मारतो, तुम्हाला माहीत आहे? मला नाही. प्रत्येक हुकूम हातात घेऊन, त्या त्या विभागात जाऊन, खरं काय आहे ते बघून मगच लागू करायचा. महिना लागेल. लागू दे."

"आणि महिनाभर ही वसाहत वाऱ्यावर सोडायची? कुणाच्याही हुकुमाशिवाय?"

"नऊ वर्षं होतीच की!"

कुणीतरी फसकन हसलं. इनामदारांना ते लागलं. ते फ्रान्सिसच्या खुर्चीजवळ गेले, वाकले आणि हळू आवाजात बोलले. पण खोलीत इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"सातव्याचा हुकूम पुसा आणि 'हो' दाबा, फ्रान्सिस. सुधारणा पूर्ण झाली, अशी नोंद होईल. गुरुवारची चौकशी मी बंद करतो. तुमची हद्दपारी रद्द. आज, आत्ता. तुम्ही इथंच राहाल, मरेपर्यंत."

यावर बोलायचा वैजूताईंना अधिकारच नव्हता. जाणार होतं ते फ्रान्सिसचं आयुष्य, त्यांचं नव्हे.

फ्रान्सिसनं दोन्ही हात मांडीवर घेतले.

"सर, आत माणूस आहे की नाही हे न बघता मी एकदा हुकूम दिला. तो लागू झाला नाही, हे माझं नशीब. त्यानं धनू गेला नाही, हे आज कळलं, पण गेले पाच दिवस मी कसे काढलेत ते माझं मला माहीत आहे. आता न बघता मी काहीही दाबणार नाही. पाठवायचं तर पाठवा पृथ्वीवर."

"हुकूम मोडताय तुम्ही."

"हो. मोडतोय."

इनामदारांनी कक्षभर नजर फिरवली. "दुसरं कोण बसतंय इथं?" कुणी पुढे झालं नाही. शब्बीर नदाफ मात्र आपला तो भलाथोरला देह घेऊन खुर्ची आणि संचालक यांच्यामध्ये येऊन उभे राहिले आणि हाताची घडी घालून छताकडे बघायला लागले.

वैजूताईंनी टेबलावरची उलटी पाटी उचलली. छापील ओळ खोडली, खाली आपल्या हातानं लिहिलं, 'फ्रान्सिस डाबरे यांचा हुकूम अमलात आलेला नव्हता. साठ्यातील नोंद ही वस्तुस्थिती नव्हती.' आणि मग सही केली, ठसठशीत. पाटी इनामदारांच्या हातात दिली.

"हे घ्या तुमचं प्रमाणपत्र. यावर कुणाला हद्दपार करून दाखवा."

"हुदलीकरबाई, तुमचं पद..."

"घ्या काढून! संपादक कोण हे तुम्ही ठरवा. सातव्यात हवा आहे की नाही, हे तुम्ही नाही ठरवायचं."

असं म्हणून त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी वसाहतीच्या ध्वनिक्षेपकाची कळ दाबली. बाराही विभागांत खर्र आवाज झाला असणार. इनामदार म्हणाले, "बंद करा ते," आणि कुणीही बंद केलं नाही.

"मी वैजयंती हुदलीकर बोलतेय. घाबरायचं कारण नाही. हातातली कामं बाजूला ठेवा आणि ऐका. आपल्या वसाहतीत आत्ता खरं काय आहे, ते मी वाचून दाखवणार आहे. पडद्यावर बघू नका, भिंतीवरच्या काट्यांवरही विश्वास ठेवू नका. मी वाचतेय ते झडपांनी स्वतः सांगितलेलं आहे. विभाग पहिला. हवा पूर्ण. उगम: शेजारून शिकून. हुकूम कुणाचाही नाही."

त्यांनी दुसरा वाचला, तिसरा वाचला. आवाज खणखणीत होता. बाहेरच्या मार्गिकेत माणसं घराघरांतून, कोठारांतून, शाळेतून बाहेर येऊन उभी राहिली होती. चौथा, पाचवा, सहावा.

"विभाग सातवा. रिकामा. भिंतीला तडा. गुरुवारी दहा वाजून नऊ मिनिटांनी. त्या वेळी आत..."

तिथं त्यांचा आवाज फुटला. एवढा वेळ आवरलेलं सगळं एकदम वर आलं आणि त्यांना पुढचा शब्द काढवेना. ध्वनिक्षेपकावर नऊशे माणसांना फक्त एका बाईचं रडणं ऐकू येत होतं.

फ्रान्सिस खुर्चीवरून उठला. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि यादी त्यांच्या हातातून घेतली.

"त्या वेळी आत सुधन्वा हुदलीकर होते," त्यानं वाचलं. "हुकूम कुणाचाही नाही. मी फ्रान्सिस डाबरे. पुढचं मी वाचतो. विभाग आठवा."